गुडघ्यातले वीस परार्ध

कबड्डीत चढाईला 30 सेकंद मिळतात. तेवढ्यात चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो, निदानरेषा पार करतो, जमलं तर बोनस घेतो आणि परत फिरताना एक पाय रोवून सगळं अंग त्या पायावर वळवतो. घात होतो तो बहुधा याच वळणावर. हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळताना गुडघे मोडलेल्या खेळाडूंच्या चित्रफिती संशोधकांनी चौकट-चौकट करून तपासल्या. पाय जमिनीला टेकल्यापासून गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटेपर्यंत जेमतेम 40 मिलिसेकंद लागतात, असं त्यांना आढळलं. हा सेकंदाचा पंचविसावा भाग. एका चढाईत असे 750 क्षण मावतात.

डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला हातापायांनी उत्तर द्यायला चपळ माणसालाही 200 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे मेंदूला काही कळून त्यानं पायाला हुकूम सोडेपर्यंत अस्थिबंध तुटून मोकळा झालेला असतो. दुखापत झालेली पोरं पुढे कित्येक रात्री तोच क्षण उगाळत बसतात. माझंच लक्ष नव्हतं, मी घाबरलो, मी उशिरा वळलो. हिशेब त्यांच्या बाजूचा आहे. त्या 40 मिलिसेकंदांत काही ठरवणं जगातल्या कुठल्याही मेंदूला जमलं नसतं.

आता दुसरी बाजू. तुटलेल्या एसीएलच्या जागी शस्त्रक्रियेनं नवा पट्टा बसवला, तर खेळात परतायला किमान नऊ महिने द्यावेत, असं आज बहुतेक क्रीडावैद्य सांगतात. नऊ महिन्यांना 40 मिलिसेकंदांनी भागलं की उत्तर येतं सुमारे 58 कोटी. तुटायला जेवढा वेळ लागला, त्याच्या 58 कोटी पट वेळ सांधायला.

तेरेखोल खाडीच्या काठी, सावंतवाडी तालुक्याच्या टोकाला आरोंदा आहे. पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. अलीकडे कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट, पलीकडे फुटबॉल, पोरं दोन्हीकडची. समजा, इथल्या पंधरा वर्षांच्या एका पोराचा गुडघा गेला. पहिल्या आठवड्यात सगळा गाव विचारपूस करतो. दुसऱ्या महिन्यात प्रश्न बदलतो, ‘कधी खेळतलस?’ चौथ्या महिन्यात प्रश्नही राहत नाही, मागून शेरा येतो, ‘नुसतो बसान आसा.’ हा शेरा आकड्यांच्या कसोटीवर साफ खोटा ठरतो. बसलेल्या त्या पोराच्या अंगात चाललेलं काम मोजायला गेलं, तर आपल्या परंपरेनं दिलेले मोठमोठे अंकही अपुरे पडतात.

एक थेंब

सुरुवात साध्या खरचटण्यापासून करू. कोपर फुटलं, रक्ताचा एक थेंब आला. हा थेंब मिलिलिटरचा विसावा भाग धरला, तर त्यात 25 कोटींच्या आसपास तांबड्या पेशी असतात आणि 75 लाख ते सव्वादोन कोटी बिंबिका. बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स. डेंगीच्या साथीत हा शब्द घराघरात पोचलेला आहे. जखमेच्या कडेला चिकटायचं, आकार बदलायचा आणि इतरांना हाक घालायची, हे त्यांचं काम.

पण गुठळी धरून ठेवतं ते फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन. एका थेंबात त्याचे सुमारे 140 लाख कोटी रेणू असतात. एका रेणूची लांबी साधारण 45 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाहून किंचित कमी. ते सगळे एकापुढे एक मांडले तर रांग सहा हजार किलोमीटरच्या वर जाते. आपल्या पायाखालच्या मातीपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच आहे. थ्रॉम्बिन हे दुसरं प्रथिन फायब्रिनोजेनची टोकं छाटतं. टोकं गेली की रेणू एकमेकांना जोडले जाऊन तंतू होतात आणि काही मिनिटांत खपलीचा पाया पडतो.

एसीएलचं दुर्दैव इथेच सुरू होतं. तो सांध्याच्या आतल्या वंगणद्रवात बुडालेला असतो. तिथे गुठळी टिकून बसत नाही, धुतली जाते. पाया नसल्यामुळे पुढचं बांधकाम अडतं. घोट्याचा मुरगळलेला अस्थिबंध बहुधा आपोआप जुळतो आणि गुडघ्याच्या आतला सहसा जुळत नाही, त्याचं हे मोठं कारण आहे.

एक ग्रॅम

शरीराला बांधून ठेवणारं मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. आपल्या अंगातल्या सगळ्या प्रथिनांपैकी सुमारे तीस टक्के तेच. कातडी, हाडं, कंडरा, अस्थिबंध, जखमेवरचा व्रण, सगळीकडे त्याचं राज्य.

त्याची घडण पहिल्यांदा नीट उकलली ती भारतात. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून 1954 आणि 1955 मध्ये दाखवून दिलं की कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांचा पिळा आहे. कोकणात ज्यानं काथ्याचा दोर वळताना पाहिला आहे, त्याला ही रचना चटकन कळेल. दोरातला प्रत्येक पेड एका दिशेला पिळलेला असतो आणि तिन्ही पेड मिळून उलट दिशेला. म्हणून ओढ पडली की दोर सुटत नाही, उलट आवळतो. कोलॅजेनमध्ये प्रत्येक साखळी डावीकडे वळते आणि तिन्ही मिळून उजवीकडे.

एका साखळीत सुमारे हजार अमिनो आम्लं असतात आणि त्यांतलं दर तिसरं ग्लायसिन हवं, कारण पिळ्याच्या आतल्या अंगाला फक्त सर्वांत लहान अमिनो आम्लालाच जागा आहे. जनुकातल्या चुकीनं या हजारात एका ठिकाणी ग्लायसिनऐवजी दुसरं काही बसलं, तरी हाडं साध्या धक्क्यानं मोडणारा जन्मजात आजार होऊ शकतो. हजारात एक चूक, आणि ती सगळ्या सांगाड्याला भोवते.

आता एक ग्रॅम कोलॅजेन घ्या. त्यात रेणू किती? सुमारे दोनवर अठरा शून्यं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त एकं, दहं, शतं करत अंकांची जी चढण मांडली, ती परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. जगाचे सगळे व्यवहार त्याच्या आत मावतील, असा हा अंक. एका ग्रॅम कोलॅजेनमध्ये असे वीस परार्ध रेणू आहेत. दर सेकंदाला एक या वेगानं ते मोजायला बसलं तर सहा हजार कोटींहून जास्त वर्षं लागतील. विश्वाचं वय आहे सुमारे 1,380 कोटी वर्षं.

लांबीचा हिशेब याहून विलक्षण आहे. एक रेणू 300 नॅनोमीटर लांब. वीस परार्ध रेणू एका रांगेत ठेवले तर रांग होते 60 कोटी किलोमीटरची. सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे एका ग्रॅममधून सूर्यापर्यंत दोनदा जाऊन दोनदा परत येण्याइतकी लांबी निघते.

गुडघ्यातला एसीएल साधारण तीन सेंटिमीटर लांब असतो आणि करंगळीहून बारीक. त्यातलं पाणी वगळून उरलेलं कोलॅजेन ढोबळ हिशेबानं ग्रॅमचा तिसरा भाग भरेल. तरी रांग सूर्य ओलांडून पुढे जाते. एवढी लांबी तीन सेंटिमीटरांत दुमडून, समांतर लावून, रेणूंना एकमेकांशी रासायनिक टाके घालून बसवलेली असते. म्हणूनच प्रयोगशाळेत तरुण माणसाचा एसीएल तोडायला सरासरी 2,160 न्यूटन इतका जोर लागला. दोरीला 220 किलोंचं ओझं टांगल्यासारखा हा ताण.

एक रायबोसोम

हा माल तयार कुठे होतो? पेशीत. रायबोसोम नावाची सूक्ष्म यंत्रं सेकंदाला पाच-सहा या वेगानं अमिनो आम्लं एकापुढे एक जोडतात. कोलॅजेनची कच्ची साखळी, म्हणजे दोन्ही टोकांना वाढीव भाग असलेली, सुमारे 1,460 अमिनो आम्लांची असते. एक साखळी पुरी व्हायला साधारण पाच मिनिटं. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ.

समजा, आपल्या आरोंद्याच्या पोराच्या एसीएलमधलं सगळं कोलॅजेन एकाच रायबोसोमनं बनवायचं ठरवलं. ग्रॅमच्या तिसऱ्या भागातले रेणू, प्रत्येकात तीन साखळ्या, म्हणजे वीस परार्ध साखळ्या, प्रत्येकीला पाच मिनिटं. काम संपेपर्यंत विश्वाच्या वयाच्या सुमारे 1,400 पट काळ जाईल. शरीर हे गणित सोडवतं ते गर्दीच्या जोरावर. एका पेशीत लाखो रायबोसोम असतात, काही पेशींत कोटीच्या घरात. प्रत्येक पेशीनं दहा लाख रायबोसोम या कामाला लावले, तर अडीच कोटी पेशींनी रात्रंदिवस राबून नऊ महिन्यांत हे काम उरकेल. हा कागदावरचा हिशेब आहे; प्रत्यक्षात नव्या पट्ट्यात जुनं कोलॅजेन असतं, ते टप्प्याटप्प्यानं मोडलं जातं आणि बदललं जातं. पण कामाचा आवाका त्यातून कळतो.

शिवाय माल तयार झाला म्हणजे बांधकाम झालं असं नाही. जखमेत आधी घाईघाईनं बारीक तंतूंचं, तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन पडतं. ते वेडंवाकडं असतं. मग काही महिने ते काढून त्या जागी जाड, मजबूत, पहिल्या प्रकारचं कोलॅजेन बसवलं जातं, तेही ताणाच्या दिशेनं. कातडीच्या साध्या जखमेची ताकद पहिल्या आठवड्याच्या शेवटी मूळच्या सुमारे तीन टक्के असते. तीन महिन्यांनी ती फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचते आणि पुढे शंभर कधीच होत नाही. गुडघ्यात बसवलेल्या पट्ट्याची गोष्ट आणखी चमत्कारिक. तो बसवल्यावर काही आठवड्यांनी आधी कमकुवत होतो, कारण जुन्या पेशी मरतात आणि नव्या यायच्या असतात. नेमक्या त्याच सुमाराला सूज उतरते, दुखणं थांबतं, आणि पोराला वाटतं आपण बरे झालो. दुखणं थांबण्याची तारीख आणि पट्टा पक्का होण्याची तारीख यांत कित्येक महिन्यांचं अंतर असतं. घात करणारा काळ तोच.

स्नायूंचा कारभार निराळा, आणि जरा वेगवान. मांडीमागच्या स्नायूचा दहा सेंटिमीटरचा एक धागा घेतला तर त्यात आकुंचन पावणारे सुमारे 40,000 डबे ओळीनं लावलेले सापडतात. प्रत्येक डब्याला दोन्ही बाजूंनी ताणून धरतं टायटिन, माणसाच्या अंगातलं सर्वांत मोठं प्रथिन. त्यात सुमारे 34,000 अमिनो आम्लं असतात. एका रायबोसोमला एक टायटिन बनवायला पावणेदोन तास लागतात. त्याचं पूर्ण रासायनिक नाव लिहिलं तर ते 1,89,819 रोमन अक्षरांचं होतं. स्नायू फाटला की त्याच्या कडेला झोपलेल्या राखीव पेशी जाग्या होतात आणि नवे धागे घालतात. या पेशी 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत दिसल्या. त्यांच्यामुळेच लचकलेली मांडी काही आठवड्यांत कामाला लागते आणि गुडघ्याचा अस्थिबंध मात्र वर्ष मागतो.

पन्नास वर्षांपूर्वीची जखम

दुरुस्ती एकदा झाली की संपली, असं आपण समजतो. समुद्रानं हा समज कधीच मोडून काढला आहे. वास्को द गामा 1498 च्या ऑक्टोबरात कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. उलट्या वाऱ्यांमुळे अरबी समुद्र ओलांडायला त्याला तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, पाय सुजले, आणि सुमारे तीस माणसं मेली. तो स्कर्व्ही होता.

इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज अ‍ॅन्सन यांच्या 1740 ते 1744 च्या सफरीच्या वृत्तान्तात याहून थरारक नोंद आहे. एक म्हातारा खलाशी 1690 मध्ये बॉइनच्या लढाईत जखमी झाला होता. पन्नास वर्षांपूर्वी भरून आलेली ती जखम स्कर्व्ही झाल्यावर पुन्हा उघडली. कारण साधं आहे. कोलॅजेनच्या साखळ्यांना पक्का पीळ बसवणाऱ्या विकरांना क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही तर नवं कोलॅजेन कच्चं राहतं. आणि व्रणातलं जुनं कोलॅजेन रोज थोडं मोडतच असतं. पन्नास वर्षं त्या म्हाताऱ्याचं शरीर ती जखम रोज नव्यानं शिवत होतं. शिवण थांबली आणि जखम उसवली.

आरोंद्याच्या पोराला यातून घ्यायचं ते एवढंच. शरीराला माल लागतो आणि तो स्वयंपाकघरातून मिळतो. पंचेचाळीस किलोंच्या खेळणाऱ्या मुलाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं पुरतात. शंभर ग्रॅम बांगड्यात सुमारे वीस ग्रॅम, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम कुळथात बावीस. वर एखादा पेरू किंवा आवळा. महागड्या पावडरीचे डबे रिचवून रायबोसोमचा वेग वाढत नाही.

अकरा विद्यार्थी

आता मनाकडे वळू, कारण जखमेला मन कळतं. हे वाक्य कवितेतलं वाटेल, पण त्यामागे मोजमाप आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 1998 मध्ये दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम दोन वेळा केली: एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणूस तोच, तोंड तेच, जखम तेवढीच. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, सुमारे 8 च्या जागी 11. म्हणजे 40 टक्के उशीर. अकरांपैकी एकाचीही जखम परीक्षेत सुट्टीइतक्या वेगानं भरली नाही.

कारणाचा एक धागा रक्तात सापडला. इंटरल्युकिन-1 बीटा नावाचं छोटं प्रथिन जखमेवर पेशींना बोलावून घेतं आणि दुरुस्ती सुरू करून देतं. परीक्षेच्या काळात ते बनवण्याचा जनुकीय संदेश 68 टक्क्यांनी घटला होता. अशी निरोप्या प्रथिनं शरीरात पिकोग्रॅमच्या हिशेबात वावरतात. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. धुळीचा दिसेल न दिसेल असा कणसुद्धा त्याहून कितीतरी जड. तरी एका पिकोग्रॅममध्ये या प्रथिनाचे साडेतीन कोटी रेणू असतात. परीक्षेची धास्ती, घरातली चणचण, संघातून नाव गळण्याची भीती, या सगळ्याचा शरीरावर उमटणारा ठसा इतक्या बारीक मापात असतो. आणि तेवढाच ठसा जखमेला तीन दिवस मागे टाकायला पुरतो.

महाराष्ट्रातल्या खेळाडू पोरांना ही परीक्षा दुहेरी असते. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी चढली की प्रमाणपत्र हातात येतं. कोकणातल्या घराला त्या कागदाची किंमत माहीत असते. त्यामुळे गुडघा दुखत असला तरी पोरगं दुखत नाही म्हणतं, आणि घरचेही फार खोलात जात नाहीत. यात दुष्टपणा कुणाचा नाही. पण कागदाची तारीख कोलॅजेनला कळत नाही.

1,009

दडपण कधी कधी एका आकड्याचंच असतं. 5 जानेवारी 2016 रोजी कल्याणच्या शालेय सामन्यात पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडेनं नाबाद 1,009 धावा केल्या. त्यात 129 चौकार, 59 षटकार. म्हणजे 870 धावा सीमापार आणि फक्त 139 पळून. 1899 मध्ये इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलानं केलेला नाबाद 628 चा विक्रम 117 वर्षांनी मोडला. रिक्षाचालकाचा हा मुलगा दोन दिवसांत जगभर पोचला. मुंबई क्रिकेट असोसिएशननं त्याला दरमहा 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे कामगिरीत सातत्य राहिलं नाही, तेव्हा दीडेक वर्षानं त्याच्या वडिलांनीच असोसिएशनला कळवलं, की ती शिष्यवृत्ती थांबवावी.

हे उदाहरण दुखापतीचं नाही, तरी इथे बसतं. पंधराव्या वर्षी माणूस ‘मी कोण?’ या प्रश्नाचं उत्तर शोधत असतो, आणि जग त्याला एकच उत्तर पुरवतं: तो हजार धावांवाला, ती शाळेची पहिली चढाईपटू. मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. मेंदूचा पुढचा भाग, जो धीर धरतो, लांबचा विचार करतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. म्हणजे ज्या वयात सर्वांत जास्त धीर मागितला जातो, त्या वयात धीर धरणारं यंत्र अजून बांधलं जात असतं. अशा पोराकडून खेळ काढून घेतला की गुडघ्याबरोबर त्याची ओळखही जाते. ‘नुसतो बसान आसा’ हे चारचौघांचं वाक्य त्याला तेव्हा खरं वाटू लागतं.

नऊ महिने आणि बारा प्रश्न

घाईची किंमत मोजली गेली आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एका संयुक्त अभ्यासात एसीएल शस्त्रक्रियेनंतर खेळात परतणाऱ्यांचा दोन वर्षं माग काढला. 2016 मध्ये निष्कर्ष आला: नवव्या महिन्यापर्यंत परतणं जेवढं लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण 51 टक्क्यांनी घटलं. एक महिना थांबलं की धोका निम्म्यावर, दुसरा महिना थांबलं की त्याचाही निम्मा. बँकेतली कुठलीही ठेव असं व्याज देत नाही. पंचविशीच्या आत परतणाऱ्या खेळाडूंचे अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा त्यांतल्या सुमारे 23 टक्क्यांचा एसीएल पुन्हा गेल्याचं दिसलं, कधी तोच, कधी दुसऱ्या पायाचा. चारातला जवळजवळ एक.

उलट टोकही आहे. शस्त्रक्रियेनंतर 81 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परततात, पण स्पर्धेच्या खेळात परततात ते फक्त 55 टक्के. मधल्या माणसांपैकी अनेकांचा गुडघा तपासणीत चांगला निघतो. अडतं ते मन. पुन्हा तसंच होईल ही भीती. म्हणून 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 12 प्रश्नांची एक मोजपट्टी बनवली. गुडघा दगा देईल असं वाटतं का, पुन्हा पडण्याची धास्ती आहे का, खेळताना गुडघा विसरता येतो का, अशा धर्तीचे प्रश्न. गुडघ्याच्या एमआरआयला हजारो रुपये लागतात. हे बारा प्रश्न विचारायला पाच-दहा मिनिटं आणि समोर बसून ऐकणारा एक मोठा माणूस लागतो.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3,000 मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रीय विक्रमवीर आहे. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यानं 8 मिनिटं 9.91 सेकंद अशी वेळ दिली. त्या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या, मिळून 35 वेळा एकाच पायावर सगळं अंग पेलावं लागतं. जुलै 2025 मध्ये मोनॅकोत पाण्याच्या उडीवर तो पडला, एसीएल गेला, आणि टोकियोची जागतिक स्पर्धा त्याच्याविना झाली. त्याच्यामागे वैद्य आहेत, फिजिओ आहेत, सैन्यातली नोकरी आहे. तरी त्याच्या गुडघ्यातल्या रायबोसोमचा वेग आरोंद्याच्या पोराच्या रायबोसोमइतकाच. या एका बाबतीत ऑलिंपिकपटू आणि शाळकरी पोर यांत काडीचा फरक नाही.

सतरा वर्षं

शेवटचा आकडा मला सर्वांत मोठा वाटतो, दिसायला लहान असला तरी. 1950 आणि 1960 च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-14 जवळजवळ दुप्पट झालं आणि चाचण्यांवर बंदी आल्यावर उतरू लागलं. त्या काळात अंगात बसलेल्या प्रत्येक रेणूवर त्या त्या वर्षाचा शिक्का आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये टाचेमागच्या अ‍ॅकिलिस कंडरेतला हा शिक्का वाचला. कंडरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही, असं निघालं. साठाव्या वर्षी आपण ज्या कंडरेवर जिना चढतो, तिचा गाभा शाळेत असताना बांधलेला असतो.

स्पर्धा, प्रमाणपत्रं, गुण, सगळं याच सतरा वर्षांत कोंबलेलं आहे. म्हणून इथे मोजायचे आकडे वेगळे हवेत, आणि ते फारसे अवघड नाहीत. शिकागोत सुमारे 1,200 मुलांच्या अभ्यासातून निघालेला एक: आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त झाले की अतिवापराच्या गंभीर दुखापती वाढतात. तेरा वर्षांची मुलगी, तेरा तास. लॉस एंजेलिसच्या शाळकरी खेळाडूंमधला दुसरा: रात्री आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता 1.7 पट. गाढ झोपेतच वाढीचं संप्रेरक मोठ्या लाटेनं सुटतं, आणि तेही 191 अमिनो आम्लांचं एक प्रथिनच आहे. तिसरा, शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने. चौथा, बारा प्रश्न.

तेरा तास, आठ तास, नऊ महिने, बारा प्रश्न. वीस परार्धांची देखरेख करायला एवढे चार आकडे पुरतात, आणि ते शाळेच्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाच्या वहीत एका पानावर मावतात. त्या वहीत धावा, गुण आणि पदकांच्या शेजारी विश्रांतीचे दिवसही हजेरीसारखे मांडले, तर घरी बसलेल्या पोराच्या नावापुढे गैरहजर लिहायची वेळ येणार नाही. तो कामावर आहे. अडीच कोटी पेशी, रात्रंदिवस. आपण त्याला वेळ द्यायचा, जेवण द्यायचं, झोप द्यायची आणि तारीख विचारायची नाही. जिल्हा स्पर्धा पुढल्या वर्षीही भरेल. सतरा वर्षांच्या आतला गुडघा मात्र एकदाच मिळतो.